लेजर कोणाच्या टेबलावर?

माझा भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. परवा जेवायला आला तो वैतागूनच. "मामा, प्रोग्रॅम एकट्यानं वापरला तर बिनचूक चालतो. गर्दी झाली की मध्येच हिशेब चुकतो. शोधायला बसलो की चूक गायब!"

दुखणे ओळखीचे वाटले. १९८२ साली मी बँकेत लागलो, तेव्हा सारा कारभार लेजरवर चाले. समजा, खात्यात ५,००० रुपये आहेत. एका कारकुनाने ती शिल्लक पाहून १,००० रुपये नावे टाकायला घेतले. त्याच क्षणी दुसऱ्याने तीच शिल्लक पाहून २,००० जमा करायला घेतले. एक लिहिणार ४,०००, दुसरा ७,०००. खरी शिल्लक ६,०००. गणित दोघांचेही बरोबर. खाते मात्र चुकले.

आमच्याकडे असे होत नसे, कारण लेजर एकच. ते ज्याच्या टेबलावर, त्याने लिहायचे, दुसऱ्याने थांबायचे.

वेब सर्व्हरमध्ये असे अनेक कारकून एकाच वेळी राबतात. त्यांना 'थ्रेड' म्हणतात. प्रोग्रॅमचे तयार सुटे भाग, म्हणजे कॉम्पोनंट, ते सामाईक वापरतात. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली अ‍ॅक्टिव्ह सर्व्हर पेजेस आणली. त्यात वापरले जाणारे पुष्कळसे भाग 'अपार्टमेंट'मध्ये राहत. एका बिऱ्हाडात एकच थ्रेड. बाकीच्यांनी दाराबाहेर रांग लावायची. काम सुरक्षित, पण असा भाग साऱ्या साइटसाठी एकच ठेवला, की सगळेच ताटकळत. म्हणून घाईच्या माणसाला कुलूप नकोसे वाटते.

या घाईची किंमत कधीकधी पैशात मोजता येत नाही. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. किमान तिघे दगावले. त्यातले एक कारण हेच होते. चालवणाऱ्याने चुकलेली नोंद झटपट सुधारली, की प्रोग्रॅमच्या एका भागाला ती कळे, दुसऱ्याला कळत नसे. हा दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता. पण तिथे यांत्रिक अडसर असल्याने कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात तो अडसर काढून सारी भिस्त प्रोग्रॅमवर टाकली होती.

आमचे जाडजूड लेजर हाही अडसरच होता. ते गेले याचे मला दुःख नाही. उचलताना पाठ मोडायची. पण जुनी अडचण दूर करताना ती कशाची राखण करीत होती, हे आधी पाहावे. रांगेतला प्रत्येक क्षण वाया गेलेला नसतो.

मी भाच्याला विचारले, "तुमचं लेजर कोणाच्या टेबलावर असतं?"

त्याचा घास हातातच राहिला. "सगळ्यांच्याच," तो म्हणाला.