आधी नाटकाचं तिकीट, मग थाळी

आपल्या हळ्ळीखेडची मंडळी पुण्याला मुलाबाळांकडे गेली की कार्यक्रम ठरलेला. लक्ष्मी रोडला खरेदी, एखादा मॉल, हॉटेलात जेवण, की परतीची गाडी. माझं म्हणणं उलटं आहे. जायचं ठरलं की आधी बालगंधर्व रंगमंदिरात कुठलं नाटक लागलंय ते बघा, तिकिटं काढा, बाकीचं त्याभोवती बसवा.

इथं नातवंडांची शाळा कन्नड, नाहीतर इंग्रजी. घरी मराठी आहे, पण "जेवलास का, झोप आता" एवढ्यापुरती. शेकडो माणसं एका मराठी वाक्याला एकदम हसतात, हे त्यांनी कुठं बघायचं? टीव्हीवर ते होत नाही. शिवाय या थिएटरचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांनी केलं होतं, ते १९६८ ला उघडलं, हेही दारातच सांगा पोरांना.

सकाळ केळकर संग्रहालयाला द्या. तिथले दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल. आज्जीच्या अडकित्त्याचे भाऊबंद काचेत दिसले की पोरं आपणहून प्रश्न विचारतात. दुपारी थाळी जरूर खा, पण बेतानं, नाहीतर पहिल्या अंकातच डुलकी! मध्यंतरात बटाटेवडा आहेच.

तिकीट महाग म्हणणाऱ्यांनी हॉटेलचं बिल एकदा शेजारी ठेवून बघावं (बँकेतली सवय, जात नाही). आणि नाटक चालू असताना मोबाईल बंद ठेवा, हे पोरांआधी आपल्या वयाच्या लोकांना सांगायला लागतं.