शिक्षा चालकाला, घाई मालकाची!

गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये एका मोटारीने वाघाला उडविले. जखमी वाघाची चित्रफीत देशभर फिरली, सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. व्हायलाच हवी होती. याच मार्गावर २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक अर्जुनी तालुक्यातील बिंद्रावनटोल्याजवळ शिवशाही बस उलटली. ११ प्रवासी ठार झाले. मृतांच्या वारसांना दहा लाखांची मदत जाहीर झाली आणि विषय संपला. रोवणीला निघालेली मजूर बाई किंवा बाजारातून सायकलने परतणारा म्हातारा एकटा चिरडला जातो, तेव्हा तर वर्तमानपत्रात चार ओळीही येत नाहीत. गरिबाच्या जीवाची किंमत इतकी स्वस्त कोणी केली?

केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसे मेली. त्यातील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. म्हणजे हा दैवाचा खेळ नव्हे, गुन्हा आहे. मग या गुन्ह्याला शिक्षा काय?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यास सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. २०२३ मध्ये 'गुलामीचे कायदे' मोडीत काढल्याचा डंका पिटत भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २८१ मध्ये तेच सहा महिने आणि तेच एक हजार रुपये! इंग्रजांच्या काळी हजार रुपयांत शेत येत होते, आज मोटारीचा एक टायर येत नाही. निष्काळजीपणाने जीव घेणाऱ्याची शिक्षा मात्र दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली. म्हणजे माणूस मेल्यावर कायदा जागा होतो. मरण्याआधी झोपलेला असतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादा मोडणाऱ्या मोटारीला एक ते दोन हजार, ट्रक-बसला दोन ते चार हजार दंड आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती लागू करायलाही डिसेंबर २०२१ उजाडू दिला. ताशी ६० च्या रस्त्यावर ६५ ने जाणारा आणि १२० ने जाणारा यांच्यात हे कलम फरकच करीत नाही. बंगलेवाल्याला दोन हजार म्हणजे एका जेवणाचे बिल. काळी-पिवळी चालविणाऱ्याला तीच आठवड्याची भाकर. हा कसला समान न्याय? फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. तेथे श्रीमंतालाही वेग महाग पडतो.

पण केवळ 'शिक्षा वाढवा' म्हणून थांबलो तर आपण आपल्याच पोराला फासावर चढवू. अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले. सरकारला ती तरतूद रोखून धरावी लागली. चालकांचा राग अकारण नव्हता. स्टीअरिंगवर बसणारा पोरगा बहुधा वस्तीतलाच असतो. 'आज एक फेरी जास्त मार, नाहीतर उद्या येऊ नको' हे सांगणारा मालक गादीवर बसलेला असतो. अपघात झाला की पोरगा तुरुंगात आणि मालक विमा कंपनीच्या दारात!

कायद्याने मालकाला मोकळे सोडलेले नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणाराही कलम १८३ खाली दोषी आहे. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार, वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक काढणे किंवा तसा हुकूम देणे, हाच त्या माणसाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा आहे. माझ्या एवढ्या वर्षांच्या वकिलीत या पोटकलमाखाली एकाही मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला मी पाहिला नाही. शस्त्र आहे, ते उचलणारा हात नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. वेग जितका जास्त तितकी शिक्षा कडक. मर्यादेच्या दीडपटीवर परवाना जप्त आणि दुसऱ्यांदा कैद. दंड उत्पन्नाच्या प्रमाणात. आणि प्रत्येक जीवघेण्या अपघातात चालकाबरोबर मालकाने दिलेल्या फेऱ्यांची व वेळांची चौकशी सक्तीची.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी एक काम करावे. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडले नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी वा तहसीलदाराकडे करायचा असतो. वाहन सापडले असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात दावा लावावा. त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हे विसरू नये. तेरवी आटोपून, रडून-भेकून घर सावरेपर्यंत ते दिवस निघून जातात. विहाराच्या फलकावर ही माहिती लावा.

संविधानाच्या कलम २१ ने जगण्याचा हक्क मोटारीत बसणाऱ्याला दिला, तसाच रस्त्याच्या कडेने पायी चालणाऱ्यालाही दिला आहे. ज्या समाजाने पाणवठ्यासाठी आणि सार्वजनिक रस्त्यासाठी लढा दिला, त्याने त्या रस्त्यावरून जिवंत घरी परतण्याचा हक्कही लढूनच घ्यावा लागेल!