सर्च इंजिन दाखवेल तोच भाव? आम्हाला मान्य नाही!

"मोबाईल आला आणि बाजारातली जात गेली," असे सांगणारे विचारवंत अलीकडे फार झाले आहेत. ऑनलाइन दुकानदार आडनाव विचारत नाही, तोंड पाहून भाव सांगत नाही, बटण दाबले की माल दारात येतो. मग आंबेडकरी तरुणांनी बाजाराविषयी शंका घेणे सोडून द्यावे, असा त्यांचा सल्ला असतो. दुसरीकडे आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते आहेत. त्यांना चार ठिकाणचे भाव पाहून वस्तू घेणे हे मध्यमवर्गीय चोचले वाटतात. आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

आधी आपल्या कार्यकर्त्यांशी बोलू. आपल्या आजा-पणज्याला गावच्या दुकानात ओट्याखाली उभे राहावे लागे. माल वरून टाकला जाई, पैसे लांबून ठेवावे लागत. हात लावून माल पाहायचा नाही, दुसरा दाखवा म्हणायचे नाही, शेठ सांगेल तो भाव द्यायचा. पाणवठ्यावर हक्क नाकारला तसाच बाजारात निवडीचा हक्कही नाकारला गेला. म्हणून वस्तीतली एखादी मुलगी हातातल्या फोनवर दहा दुकानांचे भाव पाहते आणि "हा भाव मला परवडत नाही" असे म्हणून पुढे जाते, याला आम्ही चोचले म्हणणार नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपयाने बाजारात काय आणि किती मिळते, हा त्यांच्या दृष्टीने गंभीर प्रश्न होता. त्यांच्या अनुयायांना तो क्षुल्लक वाटावा?

आता पहिल्या मंडळींकडे वळू. शेठ गेला म्हणता? तो गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. आता तो सर्च इंजिनच्या पहिल्या ओळीत बसला आहे.

आपण काय करतो ते पाहा. गूगलवर वस्तूचे नाव टाकतो. वर चित्रांची एक ओळ येते, खाली किमती. त्यातली सर्वात कमी किंमत पाहून आपण खूश होतो आणि म्हणतो, "सगळा बाजार पाहिला." पण त्या ओळीवर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. म्हणजे ती जाहिरात आहे. त्या जागेसाठी विक्रेत्यांनी बोली लावली आहे आणि आपण क्लिक केले की त्यांचे पैसे कापले जातात. ज्याला ही जागा परवडत नाही तो छोटा विक्रेता कितीही स्वस्त देत असला तरी खाली ढकलला जातो. आपण तुलना केली ती पैसे भरून रांगेत पुढे आलेल्यांची.

हा आमचा कल्पनाविलास नाही. ब्रिटनमधील ॲडम आणि शिवॉन रॅफ या दांपत्याने २००६ साली 'फाउंडेम' नावाचे भावांची तुलना करणारे संकेतस्थळ सुरू केले. ते गूगलच्या निकालांत इतके खाली गेले की लोकांना सापडेनासे झाले. दोघे गप्प बसले नाहीत, युरोपीय आयोगाकडे गेले. आयोगाने २७ जून २०१७ रोजी गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. कारण काय? गूगलने भावतुलनेची स्वतःची सेवा वर मांडली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सेवा खाली ढकलल्या. प्रतिस्पर्ध्यांमधली सर्वात वरची सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसत होती, असे आयोगाने नोंदवले. पहिल्या पानावरच्या दहा निकालांनाच सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात, हेही नोंदवले. चौथ्या पानावर कोण जातो? चौथे पान म्हणजे गावकुसाबाहेरची जागा! गूगल अपिलात गेले, पण १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला.

भारतातही हे घडले आहे. मॅट्रिमोनी डॉट कॉम ही कंपनी आणि कट्स ही ग्राहक संस्था यांनी २०१२ साली तक्रारी केल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोध निकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड सुनावला. विमानाची तिकिटे शोधणाऱ्यांसमोर स्वतःचीच सेवा मोक्याच्या जागी मांडली, हा त्यातला एक ठपका होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. पण मुद्दा स्पष्ट आहे. तराजू ज्याच्या हातात, तोच मालही विकतो.

"बरे, पण यंत्राला जात तर कळत नाही ना?" असा पुढचा प्रश्न येईल. यंत्राला पत्ता कळतो, आणि या देशात पत्ता म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अमेरिकेचे उदाहरण घ्या. २०१२ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दाखवून दिले की स्टेपल्स या दुकानसाखळीचे संकेतस्थळ ग्राहक कुठे राहतो याच्या अंदाजावरून एकाच वस्तूचे वेगवेगळे भाव दाखवते. स्वस्त भाव दिसणाऱ्या भागांचे सरासरी उत्पन्न जास्त होते, महाग भाव दिसणाऱ्यांचे कमी. २०१६ साली 'ब्लूमबर्ग'ने ॲमेझॉनच्या त्याच दिवशी माल पोहोचवण्याच्या सेवेचे नकाशे काढले. बॉस्टन शहरात चहूबाजूंच्या वस्त्यांना सेवा होती, मध्ये कृष्णवर्णीयांची रॉक्सबरी वस्ती तेवढी वगळलेली. कंपनीचे म्हणणे होते, आम्ही वंश पाहत नाही, ग्राहकांची संख्या आणि अंतर पाहतो. बोभाटा झाल्यावर सेवा सुरू झाली. जुनी विषमता नकाशात आधीच भरलेली असते. यंत्र फक्त नकाशा वाचते आणि हात झटकते.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ, पुस्तकांचे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपले लोक स्टॉलमागून स्टॉल फिरतात, पाने चाळतात, भाव विचारतात, मग घेतात. खरी भावतुलना ती! तीच आपण फोन हातात आला की विसरतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. त्यामुळे 'जातिसंस्थेचे उच्चाटन' आज अनेक प्रकाशक काढतात. कुठे पूर्ण मजकूर, कुठे संक्षेप. कुठे गांधींशी झालेला वाद जोडलेला, कुठे गाळलेला. सर्च इंजिन या सगळ्यांना एकाच रांगेत उभे करते आणि फक्त आकडा दाखवते. चाळीस पानांचा संक्षेप स्वस्त दिसणारच! महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' खंडांची गत आणखी वाईट आहे. शासन ते अल्प किमतीत विकते. पण छपाई रखडली की तेच खंड ऑनलाइन अव्वाच्या सव्वा भावाने लावलेले दिसतात. छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जाहिरातीच्या ओळीत फुकटची वस्तू कशी येईल? तिच्यासाठी बोली कोण लावणार?

मग काय करायचे? फोन फेकून द्यायचा का? मुळीच नाही. हत्यार आपल्या हातात आहे, ते डोळे उघडे ठेवून वापरायचे.

एक, 'प्रायोजित' ओळ ओलांडून खाली जा, दुसरे-तिसरे पान उघडा. दोन, वस्तूचे नुसते नाव न टाकता मॉडेल क्रमांक टाका. पुस्तक असेल तर प्रकाशक, अनुवादक आणि पानांची संख्या पाहा. तीन, बनवणाऱ्या कंपनीचे किंवा प्रकाशकाचे स्वतःचे संकेतस्थळ पाहा आणि जवळच्या दुकानदाराला एक फोन करा. त्याचा भाव कुठल्याच सर्च इंजिनमध्ये नसतो. चार, तुलना करायची ती पैसे भरण्याच्या पानावरच्या शेवटच्या रकमेची. डिलिव्हरी, हाताळणी, प्लॅटफॉर्म फी असे तुकडे तिथे जोडले जातात. पाच, सेलच्या आधीचा भाव टिपून ठेवा, म्हणजे '७० टक्के सूट' किती खरी ते कळेल. आणि 'नो कॉस्ट ईएमआय'ला भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे.

कायदाही माहीत करून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ स्पर्धात्मक भावात वस्तू मिळण्याला ग्राहकाचा हक्क म्हणतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार यादीतला क्रम कोणत्या निकषांवर लावला, हे ऑनलाइन बाजारपेठेने सोप्या भाषेत सांगायचे आहे. एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करायलाही मनाई आहे. खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, शेवटी भाव वाढवणे अशा १३ क्लृप्त्यांविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. आपल्यातले कितीजण हा हक्क वापरतात?

शेवटचे आणि सर्वात महत्त्वाचे. एकट्याने भाव पाहून चार पैसे वाचतील, बाजार बदलणार नाही. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. या दोघांशी एकेकट्याने लढता येत नाही. प्रत्येक विहारात, वसतिगृहात, अभ्यासवर्गात महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवा. दोन वेगळ्या फोनवर, दोन वेगळ्या पिनकोडवर एकाच वस्तूचा भाव पाहा. फरक दिसला तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार सगळ्यांच्या सहीने करा. जूनमधल्या वह्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, १४ एप्रिलला वाटायचे ग्रंथ यांची मागणी एकत्र करून थेट प्रकाशकाकडे आणि घाऊक विक्रेत्याकडे जा. पन्नास जण मिळून गेले की भाव विचारणारे आपण असतो आणि उत्तर देणारा तो.

ओट्याखाली उभे राहून सांगेल तो भाव देण्याचे दिवस आपल्या पूर्वजांनी लढून संपवले. ते दिवस फोनच्या काचेतून परत येऊ द्यायचे नाहीत!

जय भीम!