खांब, कंबर आणि कुलीनता

एखाद्या कलेची योग्यता तिच्या अंगच्या गुणांवरून ठरवावयाची, कीं ती कोणाच्या घरांतून आली यावरून ठरवावयाची, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. परंतु तो अगदीं अनपेक्षित रूपानें नुकताच माझ्यापुढें आला आणि त्या प्रसंगीं मी गप्प बसलों. तें मौन मला टोचत राहिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आज दोन मुलांची आई आणि एका बँकेंत अधिकारी, हिनें तीन वर्षांपूर्वीं 'पोल डान्स' शिकावयास आरंभ केला. घरांत प्रथम कुजबुज झाली. पण "हा तर आपला मल्लखांबच" असा निकाल सासऱ्यांनीं दिला आणि प्रकरण मिटलें. पुढें तिच्या शिक्षिकेनें तिला सांगितलें, कीं हातांत बळ आलें, पण एका पकडींतून दुसरींत जातांना देह ओंडक्यासारखा राहतो. यावर उपाय म्हणून 'बेली डान्स' शीक. ती शिकूं लागली आणि मिटलेलें प्रकरण पुन्हां पेटलें.

मी त्यांच्याकडे जेवावयास गेलों असतां विषय निघाला. सासरे म्हणाले, "सर, खांबापर्यंत आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण हें पोट हलविणें म्हणजे काय? तुम्हीच सांगा हिला." तिचे दीर तिची बाजू घेत म्हणाले, "बाबा, तो नुसता व्यायाम आहे. त्यांत नाचाचें कांहीं नाहीं." ती स्वतः पानांत वाढीत राहिली. नाण्यांची झालर लावलेलें कमरेचें वस्त्र जिन्यांत वाजूं नये म्हणून ती तें टॉवेलांत घट्ट गुंडाळून वर्गाला नेते, हें मला मागाहून कळलें. मी त्या दिवशीं आमटीची स्तुति केली आणि घरीं परत आलों.

माझें म्हणणें असें आहे, कीं त्या घरांतील दोन्ही पक्ष चुकले. आणि विरोध करणाऱ्या वडिलांपेक्षां समर्थन करणाऱ्या दिरांची चूक अधिक मोठी आहे.

प्रथम वडिलांच्या पक्षाचा विचार करूं. मल्लखांब ही आपली खरोखरीच थोर विद्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं तिला नवें जीवन दिलें आणि २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईस शिवाजी पार्कवर तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली. परंतु वर निमुळता होत जाणारा, एरंडेल चोळलेला तो लाकडी खांब आणि छतापासून जमिनीपर्यंत बसविलेली, सुमारें ४५ मिलिमीटर जाडीची ती धातूची नळी यांच्यांत साम्य असलें तरी त्यांचीं कुळें निराळीं आहेत. मल्लखांब आखाड्यांत, कुस्तीच्या सोबतीनें वाढला. पोल डान्स आज ज्या रूपांत शिकविला जातो, तें रूप उत्तर अमेरिकेंतील मद्यगृहांत, पुरुष प्रेक्षकांसमोर अंगावरील वस्त्रें उतरविणाऱ्या नर्तकींनीं घडविलें आणि १९९० नंतरच्या दशकांत तो तेथून व्यायामवर्गांत आला. तेव्हां सासऱ्यांनीं ज्याला मल्लखांब समजून आशीर्वाद दिला, तो त्यांच्याच मापानें पाहिलें तर अधिक 'बदनाम' घरचा निघतो.

उलट ज्या नाचाचें नुसतें नांव ऐकून त्यांच्या हातांतला घांस थांबला, त्याची हकीकत पाहा. 'बेली डान्स' हें नांव त्या नाचाच्या मायदेशांतलें नव्हेच. पाश्चात्य प्रवाशांनीं त्याला 'पोटाचा नाच' म्हटलें आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानें तें नांव अमेरिकेंत गाजविलें. अरबींत त्याला 'रक्स शर्की' म्हणजे पूर्वेकडील नृत्य म्हणतात. इजिप्तमध्यें लग्नाच्या घरीं तबला वाजूं लागला (तिकडला तबला म्हणजे मातीच्या घटासारखा एकतोंडी), कीं मावश्या, आत्या, आज्या कमरेला शाल बांधून हाच नाच नाचतात आणि पोरीसोरी त्यांच्याकडे पाहून तो शिकतात. आपल्याकडे मंगळागौरीच्या रात्रीं फुगडी आणि झिम्मा जसा रंगतो, तसाच हा घरांतला प्रकार. त्यास धंद्याची बाजू नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. 'गवाझी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशेवाईक नर्तकींना महंमद अलीनें १८३४ सालीं कैरोंतून हद्दपार करून वरच्या इजिप्तमध्यें पाठविलें. १८५० सालीं फ्लोबेर हा फ्रेंच कादंबरीकार एस्ना येथें नर्तकी पाहावयास गेला, याचें कारण त्या हुकुमांत आहे. राजधानीची अब्रू राखण्यासाठीं नर्तकींना शंभर कोस दूर धाडावयाचें आणि मग तेथवर होड्या भरभरून परदेशी पाहुणे जावयाचे, अशी ही अब्रूची व्यवस्था!

तात्पर्य, एक नाच मद्यगृहांतून व्यायामशाळेंत आला, दुसरा अंगणांतून रंगमंचावर गेला. आणि आम्ही पहिल्याला पाट मांडतों व दुसऱ्याला दाराबाहेर उभें करतों. कारण एवढेंच, कीं पहिल्याला मल्लखांबाची ओळखचिठ्ठी मिळाली. दुसऱ्याचें नांव उच्चारतांच मात्र आमच्या डोळ्यांपुढें हिंदी चित्रपटांतील खलनायकाचा अड्डा उभा राहतो. नाच आम्ही पाहिलाच नाहीं. पाहिला तो अड्डा.

आतां या दोन कलांची जोडी विसंगत आहे काय, तेंहि पाहूं. खांबावरच्या नाचांत सारें काम पकडीचें आहे. हात, खांदे, पाठ आणि मांड्या यांनीं देहाचा भार तोलावयाचा. कातडी धातूला चिकटली तरच पकड बसते, कापड घसरतें. म्हणून पोषाख आखूड. त्यांत निर्लज्जपणा शोधणारांनीं मल्लखांबपटूचा लंगोट आठवावा. परंतु भार तोलण्यासाठीं देह आवळून धरण्याची जी सवय लागते, तीच नाचाच्या आड येते. कसरती दहा साधतात, पण दोन कसरतींमधली जागा रिकामी राहते. आणि ताल ऐकावयास मन मोकळें राहत नाहीं.

रक्स शर्कीचें शिक्षण नेमकें उलट दिशेनें चालतें. पाय जमिनीवर, गुडघे सैल, आणि छाती, बरगड्या, कंबर, पोट हीं एकमेकांपासून सुटीं करून हलवावयाचीं. कमरेनें हवेंत आठाचा आंकडा काढावयाचा असतो आणि तो काढतांना खांदे स्थिर राहिले पाहिजेत. कंप द्यावयाचा तो गुडघ्यांतून कमरेपर्यंत, पण चेहऱ्यावर श्रम दिसतां कामा नये. मकसूम निराळा, सैदी निराळा, मसमूदी निराळा. ठेका बदलला कीं अंगानें उत्तर बदलावयाचें. आणि तालावांचून नुसतें एक वाद्य आलाप घेऊं लागलें, कीं आयत्या वेळीं सुचेल तसें त्याच्यामागें जावयाचें. हें शिकलेली बाई खांबाकडे परत गेली, कीं तिची दोन पकडींमधली जागा बोलूं लागते. या नाचानें तिच्या मुठींत बळ येणार नाहीं, हेंहि खरें. तें खांबानेंच दिलें पाहिजे. एक विद्या दुसरीची उणीव भरून काढते, दोन्ही एकमेकींची जागा घेत नाहींत. गवयानें पखवाज ऐकूं नये असें आपण म्हणत नाहीं. मग या बाईनेंच काय अपराध केला?

येथवर दिरांचा पक्ष माझ्याशीं सहमत होईल. "पाहा, व्यायामच तो!" असें ते म्हणतील. येथेंच माझा त्यांच्याशीं झगडा आहे. 'नुसता व्यायाम' हें समर्थन ऐकावयास सोज्वळ, पण त्यांत एक कृतघ्नपणा दडला आहे. २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटनांच्या तत्कालीन जागतिक महासंघानें खांबावरच्या क्रीडेस निरीक्षकाचा दर्जा दिला. स्पर्धा निघाल्या, नियम झाले, इजा टाळण्याचें शास्त्र वाढलें. हें सारें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर एक वाक्य पसरलें: "आम्ही त्या बायकांपैकीं नव्हे." ज्यांनीं या चालींपैकीं कितीतरी शोधल्या, उंच टांचांच्या जोड्यांत, धुरानें कोंदलेल्या खोलींत, पोटासाठीं घासून घासून बसविल्या, त्यांची विद्या घ्यावयाची आणि त्यांचें नांव घेतांच नाक मुरडावयाचें! विहिरीचें पाणी प्यावयाचें आणि ती खणणाराला शिवून घ्यावयाचें नाहीं, ही रीत आपल्याला अपरिचित आहे काय?

आपल्याच देशांत हें वारंवार घडलें आहे. १९३५ सालीं मद्रासेस रुक्मिणीदेवी अरुंडेल रंगमंचावर आल्या, पुढच्या वर्षीं त्यांनीं कलाक्षेत्र काढलें, आणि देवदासींचा सदिर भरतनाट्यम् या नांवानें सुखवस्तु घरांत मानानें गेला. त्यांच्या कर्तृत्वास मी नमस्कार करतों. पण ज्या घराण्यांनीं शतकानुशतकें ती कला जिवंत ठेविली, त्यांतील बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला त्या मानाचा अंश आला नाहीं. शृंगार हा या नृत्याचा कलंक नसून प्राण आहे, असें बालसरस्वती जन्मभर सांगत राहिल्या. त्या अशाच घराण्यांतल्या होत्या. आणि महाराष्ट्रांत? २००५ सालीं सरकारनें मद्यगृहांतील नृत्यावर बंदी घातली, पण तीन तारे व त्याहून वरच्या दर्जाच्या हॉटेलांना सूट ठेविली. उच्च न्यायालयानें २००६ सालीं ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तो निर्णय कायम केला. हा भेद समतेच्या तत्त्वाला धरून नाहीं असें ठरलें. कायदा गेला, पण त्यामागची समजूत गेली नाहीं. तोच नाच स्वस्त जागीं अनीति आणि महाग जागीं करमणूक, ही ती समजूत.

हें मी उंच आसनावरून लिहीत नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलन समितीवर मी होतों. एका मुलीनें लावणीसाठीं नांव दिलें. तिच्या आजीनें संगीतबारींत आयुष्य काढलें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. निवडीच्या वेळीं ती नाचली, आणि आमच्यापैकीं एक जण म्हणाले, "ही फारच खरी नाचते." तिचें नांव वगळलें. त्याच कार्यक्रमांत 'लोककलादर्शन' या मथळ्याखालीं दुसऱ्या चौघी मुलींनीं चित्रफीत पाहून बसविलेली लावणी सादर केली आणि पालकांनीं टाळ्या वाजविल्या. वगळण्याच्या कागदावर माझी सही आहे. ती मुलगी मला पुढें एकदां वाटेंत भेटली, तिनें नमस्कार केला. मला तिच्याकडे पाहवलें नाहीं. 'नुसता व्यायाम', 'नुसतें लोककलादर्शन' असल्या शब्दांची मला चीड येते, याचें मूळ येथें आहे.

दोन आक्षेपांस उत्तर दिलें पाहिजे. पहिला असा, कीं पुरुषांच्या नजरेसाठीं घडलेला नाच सुशिक्षित स्त्रीनें कां पत्करावा? नजर वाईट असेल, तर दोष नजरेचा आणि त्या नजरेवर पैसा मिळविणाऱ्या मालकाचा. त्या ठिकाणीं होणाऱ्या जुलमाचें मी समर्थन करीत नाहीं. त्या स्त्रियांना संरक्षण मिळावें, त्यांची सोडवणूक व्हावी, याहून माझें वेगळें मत नाहीं. पण जुलमाखालीं निर्माण झालेली विद्या जुलमी होत नाहीं. दुसरा आक्षेप असा, कीं परक्यांचा नाच उसना घेऊन आपण त्याची नक्कल करतों. या आक्षेपांत तथ्य आहे. झगमगीत वस्त्र गुंडाळून चार झटके दिले कीं इजिप्त झालें, असें मानणें हा त्या लोकांचा उपमर्दच होय. त्यावर उपाय शिकणें थांबविणें हा नसून नीट शिकणें हा आहे. ठेक्यांचीं नांवें शिकावीं. १९२६ सालीं कैरोंत रंगगृह काढणाऱ्या बदिया मसाबनी कोण, त्यांच्याकडे पुढें आलेल्या तहिया कारियोका आणि सामिया गमाल कोण, हें जाणून घ्यावें. एडवर्ड सैद यांच्यासारख्या इंग्रजी वाङ्मयाच्या गाढ्या प्राध्यापकानें १९९० सालीं तहिया कारियोकांवर आदरानें निबंध लिहिला आणि त्यांत त्याला कांहीं कमीपणा वाटला नाहीं. मी त्याच विषयाचा अध्यापक. मला मात्र एका जेवणाच्या पंक्तींत तोंड उघडवलें नाहीं.

म्हणून जें त्या दिवशीं बोलावयास हवें होतें, तें आज लिहितों. त्या सासऱ्यांस मी म्हणेन: आपण खांबाला परवानगी दिलीत ती चुकीच्या कारणानें, आणि कमरेला नाकारलीत तीहि चुकीच्या कारणानें, सुनेचा नाच एकदां बसून पाहा आणि मग मत द्या. दिरांस म्हणेन: भावजयीचा कैवार घेतां हें उत्तम, पण तिच्या कलेला व्यायामाच्या बुरख्याआड लपवूं नका, तो नाच आहे, आणि नाच आहे म्हणूनच शिकण्याजोगा आहे. आणि माझ्या विद्यार्थिनीस एवढेंच सांगेन, कीं बाई, ज्या दोन विद्या तूं घेतल्यास, त्या दोन्ही अशा स्त्रियांनीं राखल्या, ज्यांना त्यांच्या गांवांनीं वेशीबाहेर ठेविलें. हें ऋण मोकळेपणानें बोलून दाखव. तें बोलून दाखविणाऱ्या स्त्रीला कमरेचें वस्त्र टॉवेलांत गुंडाळण्याचें कारण उरत नाहीं.