पार्क मैदान व शहराची बस

कोणत्याही शहराच्या तिजोरीत पैसा मोजकाच असतो, आणि तो कोठे खर्ची पडतो यावरून त्या शहराच्या चालकांस नगरवासीयांपैकी कोण दिसतो व कोण दिसत नाही, हे कळून येते. आपल्या सोलापूर शहराकडे या दृष्टीने पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच. विषय दोन वस्तूंचा आहे. एक, पार्क चौकातील इंदिरा गांधी स्टेडियम, ज्यास आपण सर्व जुन्या सवयीने पार्क मैदान म्हणतो. दुसरी, महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस. पहिल्या वस्तूचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले. दुसरीची वाट पाहण्याची सवयसुद्धा आता पुष्कळांस राहिलेली नाही.

२०१६ सालच्या जानेवारी महिन्यात केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या २० शहरांची नावे जाहीर केली. त्यांत सोलापूरचा क्रमांक ९ वा होता. केंद्राने पाच वर्षांत एका शहरामागे ५०० कोटी रुपयांपर्यंत द्यावयाचे व तितकाच भार राज्याने आणि महानगरपालिकेने मिळून उचलावयाचा, अशी त्या योजनेची वाटणी होती. या योजनेत पार्क मैदानाचे नूतनीकरण झाले, आणि २०२४ च्या जानेवारीत, कित्येक वर्षांच्या खंडानंतर, येथे पुनः रणजी करंडकाचा सामना खेळला गेला. महाराष्ट्राची गाठ मणिपूरशी होती. ज्या गावात पॉली उम्रीगर यांचे बालपण गेले, त्या गावच्या मुलांनी मोठा सामना केवळ पडद्यावरच पाहावा, ही गोष्ट शोभणारी नव्हती. ती उणीव भरून निघाली, याचा आनंद प्रस्तुत लेखकासही झाला.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढील मजकूर वाचून कोणी लेखकास खेळाचा वैरी समजू नये. मिशनच्या शाळेत शिकलेल्या व शिकविणाऱ्या मनुष्यास तसे होणे शक्यही नाही. मद्रासेस १९२० साली हॅरी बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि त्यात तयार झालेल्या शिक्षकांनी देशभरच्या शाळांतून खेळास अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. प्रेषित पौलाने करिंथकरांस पत्र लिहिताना शर्यतीच्या धावपट्टीचा दाखला घेतला, तो काही खेळास हलके लेखून नव्हे. प्रश्न खेळ हवा की नको, असा नाहीच. खेळण्याच्या जागेपर्यंत मूल पोहोचते कसे, असा आहे.

हा प्रश्न पूर्वी फारसा नव्हता, आणि तो का नव्हता हे समजण्यासाठी शहराची जुनी घडण ध्यानात घेतली पाहिजे. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, आणि तिच्या मागोमाग उभ्या राहिलेल्या इतर गिरण्या यांनी हे शहर वसविले. गिरणीचा भोंगा झाला की कामगार पायी निघे व पायीच परते. घर, गिरणी, बाजार, शाळा, देऊळ, चर्च आणि मैदान ही सर्व चालण्याच्या टप्प्यात होती. पुढे १९६३ साली जुनी गिरणी बंद पडली आणि कालांतराने इतर गिरण्यांचेही भोंगे थांबले. काम यंत्रमागांच्या कारखान्यांत, अक्कलकोट रस्त्यावर व चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पांगले, आणि माणसेही पांगली. १९९२ साली हद्दवाढ झाली तेव्हा सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरांहून मोठे झाले. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे ही गावे नकाशावर शहरात आली. नकाशावर म्हणण्याचे कारण, हद्दीची रेघ एका दिवसात पुढे सरकविता येते. रस्ता, पाणी व वाहन यांस तसे सरकता येत नाही. तीस वर्षे लोटली तरी आपण त्या भागास ‘हद्दवाढ’ याच नावाने ओळखतो, हे पुरेसे बोलके आहे.

पाचपट पसरलेल्या शहरास पाचपट बसगाड्या लागणार, हे गणित चौथीच्या मुलासही सुटावे. केंद्राच्या नगरविकास खात्याने २००९ साली सेवेचे जे मापदंड ठरविले त्यांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असणे ही उत्तम स्थिती व ०.२ हून कमी असणे ही निकृष्ट स्थिती मानली आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सोलापूरची वस्ती ९,५१,५५८. म्हणजे उत्तम म्हणविण्यास सुमारे ५७० गाड्या हव्यात आणि निकृष्ट म्हणविणे टाळावयाचे तरी १९० हव्यात. ५७० च्या जवळपासही आपण कधी पोहोचलो नाही. उलट जे हाती आले तेही टिकले नाही. जवाहरलाल नेहरूंच्या नावाच्या नगरोत्थान योजनेतून २०१४ च्या सुमारास नव्या गाड्या आल्या, तेव्हा शहरात हर्ष झाला होता. परंतु त्यांतील शंभराच्या घरातील गाड्यांच्या चेसीस, म्हणजे ज्या सांगाड्यावर सारी गाडी उभी असते त्यास, तडे गेल्याचे आढळले. गाड्या आगारात उभ्या राहिल्या, वाद लवादापुढे गेला, आणि चालक-वाहकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. विस्कटलेली सेवा मग सावरली नाही. तिची जागा शेअर रिक्षाने घेतली. रिक्षावाल्यांस दोष देण्याचे कारण नाही, त्यांनी शहराची अब्रू राखली आहे. पण तिघांच्या जागेवर सहा माणसे बसविल्याखेरीज ज्याचा धंदा पुरा पडत नाही, त्या वाहनात एखाद्या आईने आपली बारा वर्षांची मुलगी अंधार पडल्यावर एकटी कशी बसवावी?

आता असे का घडते, याचा विचार करू. स्टेडियम बांधणारे लोक दुष्ट व बस बंद पाडणारे लोक नष्ट, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. खरे कारण पैशाच्या जातीत आहे. सरकारी योजनांचा पैसा बहुधा बांधण्यासाठी व विकत घेण्यासाठी मिळतो, चालविण्यासाठी मिळत नाही. स्टेडियमचा मोठा खर्च एकदाच होतो. काम पुरे झाले की फीत कापली जाते, कोनशिलेवर नावे कोरली जातात, छायाचित्रे निघतात. बसचा खर्च मात्र रोजचा आहे. आज इंधन, उद्या टायर, महिनाअखेर पगार. सकाळी साडेसहाची बाळ्याची गाडी आज वेळेवर सुटली, म्हणून कोणी फीत कापीत नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा प्रभूचा दृष्टान्त आपण रविवारच्या शाळेत ऐकतो. आपली नगरे बुरुजाचा हिशेब करतात, बुरुजावर रोज दिवा लावणाऱ्याचा करीत नाहीत.

याचे फळ कोणास भोगावे लागते, ते शाळेच्या मैदानावर नित्य दिसते. शाळा सुटल्यावर खो-खो व कबड्डीचा सराव सुरू होतो. पहिल्या आठवड्यात चाळीस मुलेमुली येतात. दुसऱ्या आठवड्यापासून काहींची चुळबुळ सुरू होते. घड्याळाकडे पाहतात, दप्तर उचलतात, “सर, आमचा रिक्षा निघतो” असे म्हणून निघून जातात. महिन्याअखेर जो संघ उरतो तो वेगवान मुलांचा असेलच असे नाही. तो जवळ राहणाऱ्या मुलांचा असतो. किंवा ज्यांच्या घरी न्यावयास येणारी मोटारसायकल व ती चालविण्यास मोकळा मनुष्य आहे, त्यांचा असतो. विडी वळणाऱ्या आईची किंवा मागावर उभ्या राहणाऱ्या बापाची मुलगी कितीही चपळ असो, शेळगीस परतण्याचे साधन नसेल तर तिची चपळाई पाच वाजताच संपते. आपण मात्र बक्षीससमारंभात म्हणतो की, आमच्या शाळेतून गुणवत्तेप्रमाणे निवड होते! पार्क मैदानाच्या सज्जात पुढे-मागे हजारो प्रेक्षक बसतील. परंतु ज्यांना पाहण्यासाठी ते बसावयाचे, ते खेळाडू कोठून यावयाचे, याचा निकाल संध्याकाळच्या बसथांब्यावर लागून गेलेला असतो.

यातील विपरीत पाहा. खेड्यातून शाळेत येणाऱ्या मुलीस राज्य परिवहनाची एसटी अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली मोफत पास देते. २०२३ च्या मार्चपासून एसटीने सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट लागू केले आहे. म्हणजे तालुक्यातील गावाहून येणारी मुलगी सरकारी गाडीने शाळेस येऊ शकते, आणि महानगरपालिकेच्या हद्दीत राहून घरपट्टी भरणाऱ्या घरची मुलगी रिक्षाच्या कडेवर लोंबकळते. पालकहो, याच अडचणीतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देण्याचा मोह तुम्हांस होतो, हे शिक्षकवर्गास ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा प्रसंगी पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. कायद्याचे भय घालणे हा हेतू नाही. पण ज्या शहरात धड बस नाही त्या शहरात हा कायदा पाळणे गरिबास किती महाग पडते, हे कायदा करणाऱ्यांसही कोणी सांगावयास हवे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बस तोट्यात चालते, रिकामी धावते, मग लोकांचा पैसा तिच्यात का ओतावा? तोटा होतो, हे खरे. परंतु हाच प्रश्न पार्क मैदानास कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. रस्त्याने, उद्यानाने, पथदिव्याने वर्षाअखेर नफा दाखवावा, असे कोणी म्हणत नाही. एकट्या बसकडेच दुकानदाराच्या वहीने का पाहावे? आणि रिकामी धावण्याविषयी म्हणाल, तर जी गाडी दीड तासाने एकदा येते, व तीही येईल की नाही याचा भरवसा नाही, तिची वाट कोण पाहील? ती दर पंधरा मिनिटांनी येऊ लागू द्या, मग रिकामेपणाचा विचार करू.

हे दुखणे केवळ आपलेच आहे, असेही नाही. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधले. त्याचे कर्ज फिटावयास २००६ साल उजाडले. याहून बोधक प्रकार ब्राझीलमध्ये घडला. तेथे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बारा ठिकाणी स्टेडियमे सज्ज होत होती. तेवढ्यात २०१३ च्या जूनमध्ये साओ पावलो शहरात बसचे भाडे ३ रेआलांवरून ३.२० रेआल झाले. वीस सेंताव्हो ही रक्कम ती केवढी! पण लोक रस्त्यावर उतरले, शहरामागून शहर पेटले, आणि फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणारा तो देश स्टेडियमांच्या खर्चाचा जाब विचारू लागला. भाडेवाढ मागे घ्यावी लागली. अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील मानाउस येथे जे भव्य स्टेडियम बांधले, त्यात विश्वचषकाचे अवघे चार सामने झाले. आपले पार्क मैदान त्या पंक्तीतले नव्हे. ते शहराच्या मध्यावर आहे, जुने आहे, वापरातले आहे, आणि त्याचा खर्चही त्या मानाने किरकोळ. म्हणूनच त्याचे वाईट चिंतावयाचे नाही. त्यापर्यंत लोकांस नेऊन पोहोचवावयाचे आहे.

आणि लोक दूरदूर जात आहेत. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्याच गावी रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत योजली गेली आणि तीतील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हवाली झाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, शिलाईवाले यांस स्वतःचे पक्के घर मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण घर हद्दीबाहेर आणि काम, दवाखाना, बाजार व मोठी शाळा पुष्कळदा हद्दीच्या आत, असा हा संसार आहे. तेथील मुलाने पार्क मैदानावर सामना पाहावयाचा म्हटला, तर जाण्यायेण्याचे भाडे काढताना त्याच्या बापाच्या कपाळास आठी पडते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील शहरांसाठी विजेवर चालणाऱ्या १०,००० बसगाड्यांची योजना मंजूर केली, आणि तीत सोलापूरच्या वाट्यास १०० गाड्या आल्या. या योजनेतील एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. केंद्राचा पैसा यात प्रत्येक धावलेल्या किलोमीटरमागे, दहा वर्षेपर्यंत, मिळावयाचा आहे. म्हणजे उभ्या गाडीस काही नाही, चालत्या गाडीस आहे. वर ज्या रोगाचे निदान केले त्यावर हे औषध बरोबर लागू पडते, फक्त ते रोजच्या रोज घेतले पाहिजे. उरलेला खर्च महानगरपालिकेने अंदाजपत्रकात दरसाल वेगळा काढून ठेवला, आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळविला नाही, तर आगारात पुनः गाड्यांची रांग लागणार नाही.

वेळापत्रक आखताना नगरसेवक कचेरी व बाजार यांच्या वेळा पाहतील. शाळांनीही त्यांच्याकडे अर्ज केला पाहिजे. पालकांच्या सह्यांचा असा अर्ज आमच्या मते एकाच ओळीचा पुरे: सायंकाळी पावणेसात वाजता पार्क चौकातून शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, बाळे व कुंभारी या पाच वाटांनी प्रत्येकी एक गाडी सुटावी, आणि पाऊस असो, सुट्टी असो, प्रवासी तीन असोत की तीस, ती रोज सुटावी.