कळलावीचे मूळ : ओळख असावी, घरगुती प्रयोग नसावा

मृगाचा पाऊस पडला की किनवट-माहूरच्या रानात कळलावीचा वेल वर येतो. पुढे त्यास ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले लागतात. जमिनीखालील कंद नांगराच्या आकाराचा असल्याने संस्कृतात या वनस्पतीस लांगली म्हणतात. आफ्रिका खंडातही ती आढळते. झिम्बाब्वे देशाचे ते राष्ट्रीय पुष्प होय. तेथेही तिचे मूळ औषधात वापरतात आणि तेथेही ते विषारीच आहे.

प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून ती कळलावी. मुळाचा लेप बाळंतिणीच्या बेंबीवर किंवा तळपायांस लावण्याची रीत जुनी आहे. परंतु नाव हा काही गुणाचा पुरावा नव्हे. या वनस्पतीत कोल्चिसीन नावाचे तीव्र द्रव्य असते. वातरक्तावर डॉक्टर ते देतात खरे. पण ती गोळी अवघ्या अर्ध्या मिलिग्रॅमची असते. रानातून खणून आणलेल्या मुळात ते किती आहे, हे डोळ्यांनी कसे मोजणार?

मूळ पोटात गेल्यास काही तासांनी घशाची जळजळ, उलट्या व पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंड व हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. उकडल्याने हे विष जात नाही. श्रीलंकेत रताळी समजून हे कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

“आमच्या आजीने वापरले, काही झाले नाही,” असे कोणी म्हणेल. पण जे वाचतात तेच सांगायला उरतात. स्वतः आयुर्वेदानेही लांगलीची गणना उपविषांत केली असून शोधनाशिवाय ती वर्ज्य मानली आहे. औषधविषयक नियमांतही तिचा समावेश विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे.

वेल उपटून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी त्याची लागवड करतात. नांदेड-लातूरकडे कोणी ती केल्यास कंद स्वयंपाकघरापासून, मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावेत. मात्र अडलेल्या बाळंतिणीवर या मुळाचा प्रयोग मुळीच करू नये. लेपाची वाट पाहण्यात गेलेला वेळ आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विषबाधा झाल्यास कंदाचा तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

ग्रामसेवक व आशा भगिनींनी पावसाळ्यात हा वेल गावकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा. ओळख पटली की अपघात टळतो.