दीक्षाभूमीच्या पोटात गाड्या

मी जामचा. पोटासाठी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही, वास्तुशास्त्र आपल्याला कळत नाही. पण माणसं किती आणि जागा किती, हे हमालाला कळतं. माल उतरवायच्या आधी आम्ही पाय ठेवायला जागा बघतो. दीक्षाभूमीचा नकाशा काढणाऱ्यांनी ती बघितलीच नाही.

चंद्रपूर-वरोऱ्याचा आणि हिंगणघाटचा रस्ता जामच्या चौकात मिळतो आणि नागपूरला जातो. दसऱ्याच्या आदल्या रात्री इथं उभं राहा. ट्रक, मेटॅडोर, एस.टी., निळे झेंडे, भाकरीची गाठोडी, पेंगणारी लेकरं. मीही मायच्या मांडीवर असाच गेलो. ती बाहेरच्या रस्त्यावर पेपर अंथरून झोपायची. संडासाची रांग पहाटे अंधारातच धरायची, उजाडल्यावर बाईमाणसानं जायचं कुठं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली तेव्हा तिथं मोकळं मैदान होतं. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचं लोकार्पण झालं. मग सुमारे २०० कोटींचा विकास आराखडा आला, आणि त्यात काय, तर भूमिगत पार्किंग! स्तूप आणि बोधिवृक्षाच्या शेजारी खड्डा खणला. १ जुलै २०२४ ला लोक चालून गेले, बांधकामाचं सामान पेटलं. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांना विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. जाळपोळ सगळ्यांना दिसली. नकाशातली जाळपोळ कोणाला दिसली?

गाड्यांची अडचण खोटी नाही. माझ्या मामेभावानं परवाच हप्त्यावर गाडी घेतली, त्याला पार्किंग पाहिजे. ठेव ना बाबा, लांब ठेव, चालत ये. पण ज्याच्या बुडाखाली चाक नाही त्याच्यासाठी त्या आराखड्यात पहिली ओळ कोणती होती? सावली, पाणी, संडास, रात्री अंग टाकायला कोरडी जागा, हे आधी यायला पाहिजे होतं. आलं काय, तर खड्डा.

१९२३ चा बोले ठराव होता. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असं कागदावर होतंच. तरी १९२७ ला महाडला जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि डोकी फुटली. सार्वजनिक हा शब्द सरकारी कागदावर लई स्वस्त असतो.

स्थगितीची बातमी मायला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "पोट्ट्या, गाड्यायले जमिनीखाली घर अन् आमाले रोड? अगुदर आमाले इचारा म्हणा नं."

तेवढंच मागतो. पुढचा नकाशा मंत्रालयात मंजूर करण्याआधी दसऱ्याच्या आदल्या रात्री जामच्या चौकात आणून लावा. ट्रक थांबतात तिथं, भिंतीवर. उजेड आम्ही धरतो.